बादलचा गट निघत नाही

यवतमाळच्या त्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली आहे. दारावर पाटी आहे ‘डेटा सेंटर’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार. आत एक सर्व्हर, एक खुरखुरणारा एसी, मोडक्या खुर्च्यांची थप्पी आणि राखी राठोड. सर्व्हर म्हणजे साऱ्या कॉलेजचा गाडा ओढणारा मोठा संगणक, आणि राखी म्हणजे त्याची उठबस करणारी कंत्राटी ऑपरेटर. तो सर्व्हर कित्येक वर्षांत कोणी बंद केला नव्हता. काळजी म्हणून नाही, भीती म्हणून. एकदा झोपला तर परत उठेल याची कोणाला खात्री नव्हती.

त्या दिवशी सकाळीच संगणक विभागाचे प्रमुख घनश्याम सर दारातूनच सांगून गेले. “राखी, दुपारी अ‍ॅडमिशनचं नवीन सॉफ्टवेअर चढवाचं आहे. मेमरी पुरून नाही राह्यली. शिकून गेलेल्या पोरायचे जेवढे ग्रुप आहेत, सारे काढून टाक.” सर माणूस वाईट नव्हता, नुसता घाईचा होता.

आता हे ग्रुप म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. संगणकात एका वेळी शेकडो कामं चालू असतात. चालू असलेल्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणायचं. सगळ्यांना मोकळं सोडलं की दांडगी असेल ती प्रोसेस सगळी मेमरी खाऊन बसते आणि बाकीच्या उपाशी मरतात. म्हणून संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम त्यांचे गट पाडते. ह्या गटाला एवढी जागा, त्या गटाला तेवढी, गटाच्या पोटात आणखी गट. गट पाडणं सोपं. काढताना मात्र नियम मोठा कडक. आतला आधी, बाहेरचा नंतर. आणि गटात एक जरी प्रोसेस जिवंत असली, तरी तो गट निघत नाही. सांगणारा ऑपरेटर असो की प्राचार्य, सिस्टिम ऐकत नाही.

राखीला हा नियम कधी पाठ करावा लागला नाही. तिचा बाप खेमसिंग फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. ऐन उमेदीत तो ऊसतोडीच्या टोळीचा पुढारी होता. हंगाम संपला की उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, मोडायच्या आणि ट्रक भरून गावी निघायचं. एका वर्षी अशाच घाईत एक कोपी ओढून पाडली आणि पाचटाखालून कण्हणं ऐकू आलं. टोळीतली म्हातारी लालीबाई तापाने गोधडीत निपचित पडलेली होती, आणि तिच्या घरच्यांना वाटलं होतं की ती पुढच्या ट्रकात बसली. म्हातारी वाचली. पण त्या दिवसापासून खेमसिंग प्रत्येक कोपीत स्वतः वाकून शिरायचा, चुलीवर हात ठेवायचा आणि हाक मारायचा, “कोणी हाय का?” मग कुठे कोपीचा दोर सोडायचा. लोक हसायचे. हसेनात का.

तर राखी कामाला लागली. एकेक जुना गट उघडायचा, आत कोणी नाही ना ते पाहायचं, काढायचा. गट निघाला की सिस्टिम काही बोलत नाही. खालच्या ओळीवर मुकाट्याने पुढच्या हुकमाची वाट पाहते. दुपारच्या जेवणाआधी सगळे निघाले. एक सोडून. त्या गटाचं नाव होतं ‘बादल’. तो काढायला गेली की पडद्यावर एकच उत्तर यायचं: गट कामात आहे.

बादल तिचा थोरला भाऊ. ह्याच कॉलेजात शिकला होता. शेवटच्या वर्षाला त्याने पृथ्वीची थरथर ऐकायचं यंत्र बनवलं. बिजागरी जरा तिरपी बसली की फाटक आपोआप सावकाश एका जागी येऊन थांबतं, हे त्याने तांड्यावर लहानपणापासून पाहिलेलं. तसंच सायकलच्या नळीला वजन लावून त्याने आडवं टांगलं, टोकाला जुन्या स्पीकरचं चुंबक, शेजारी तारेचं वेटोळं. जमीन हलली की वजन मागे राहतं आणि तारेत बारीकशी वीज उठते. बापाच्या शेतातल्या विहिरीत, पाण्याच्या वर काळ्या खडकाची कपार आहे, तिथे ते पिंपाखाली झाकून बसवलं. सोलरची पाटी, मोबाईलचं सिम, आणि इकडे सर्व्हरवर येणारे आकडे ऐकत बसणारा एक प्रोग्राम. त्याचं नाव त्याने ‘कान’ ठेवलं होतं.

परीक्षेला बाहेरून आलेल्या एका साहेबाने आलेख बघितला आणि म्हणाला, “हा तर बैलाचा पाय दिसतो. भूकंप नाही, गोठा मोजला यानं.” वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावर धुतलेलं धोतर नेसून खेमसिंग बसला होता; हे सगळं त्याच्यासमोर झालं. बादलने त्याच संध्याकाळी सगळं पुसून टाकलं: प्रोग्राम, आकडे, सगळं. मग इथेच यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. घरी येणं कमी झालं. आला तरी विहिरीकडे जायचा नाही, आणि बापाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा तो.

म्हणून तर राखी चक्रावली. सगळं पुसलेलं असताना गटात कोण आहे?

तिने गट उघडला. आत आणखी एक गट, आणि त्यात एकच प्रोसेस. नाव ‘कान’. आणि नावापुढे सिस्टिमने स्वतः लिहिलेला शेरा: पुसलेली. राखी खुर्चीत मागे टेकली. तिला हे पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकात माहीत असणं वेगळं. एखादी प्रोसेस चालू असताना तिची फाईल पुसली, तर फक्त नाव जातं. चालणारी प्रोसेस चालतच राहते, आणि तिच्या हातात जे धरलेलं असतं ते सिस्टिम काढून घेत नाही. जगाच्या लेखी ती नाही. कुठल्या यादीत नाही, कुठल्या कपाटात नाही. पण ती आहे, आणि तिचं काम करते आहे. बादलने रागाच्या भरात कागद फाडले होते. ऐकणाऱ्याला थांब म्हणायचं राहून गेलं होतं. ती प्रोसेस मेली असती तर बादलची वस्तू खरोखरच संपली असती. दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

घनश्याम सरांनी डोकावलं. “झालं काय?”

“एक राह्यला, सर. आत प्रोसेस जिवंत आहे.”

“तं मार ना. किल करून टाक सारा ग्रुप. त्यानं भली मोठी जागा राखून ठेवली आहे.”

खरं होतं ते. गटाच्या नावाने एक खास फाईल असते. तिच्यात एक आकडा लिहिला की आतलं सगळं एका फटक्यात मरतं, मग गट काढायला मोकळा. राखीने हुकूम टाइप केलाही. फक्त एंटर दाबायचं होतं. पण बापाची पोर ती. चुलीवर हात ठेवल्याशिवाय दोर कसा सोडणार?

“सर, जरा पाहू द्या. काय करून राह्यली ते पाहते अन् काढते.”

प्रोसेस लिहीत असलेले आकडे तिने पडद्यावर ओढून घेतले आणि त्यांची रेषा काढली. रेषा आधी नुसतीच खरखरीत होती. त्यात बैलाचा पाय असेल, मोटर असेल, रस्त्यावरचा ट्रक असेल. त्या साहेबाचंही अगदीच चूक नव्हतं. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर रेषा बदलली. खरखर तशीच राहिली, पण सगळी मिळून वर जाऊ लागली, सावकाश, आणि तितक्याच सावकाश खाली आली. परत वर. आधीपेक्षा जास्त. कुठलाही बैल असा पाय टाकत नाही.

तिने बापाला फोन लावला. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी आणि बाहेर वऱ्हाडी, फोनवर दोन्हींची खिचडी.

“बापू, विहिरीजवळ बोअरची गाडी आली काय? का रस्त्यावर रोलर चालू आहे?”

“नाई व, छोरी. मी विहिरीवरच बसलो. कोणी नाही इथं.” मग त्याने आवाज खाली आणला. “पण तू काहून विचारून राह्यली?”

“का बरं?”

“पाणी वरखाली होऊन राह्यलं. वारा नाही. मोटर बंद हाय. पाणी खडकाले चढते अन् उतरते. हळूहळू. झोपलेल्या माणसाचं पोट हालते ना, तसं.”

राखीने पडद्याकडे पाहिलं. “बापू, आता चढन तवा सांग.”

“चढलं,” खेमसिंग म्हणाला. क्षणभराने रेषा चढली. “उतरलं.” रेषा उतरली. जिन्याखालच्या त्या खोलीत बसून ती इतक्या कोसांवरची विहीर बघत होती, आणि विहीर त्याहून कितीतरी लांबचं काही बघत होती. दारातच उभ्या असलेल्या सरांच्या मोबाईलवर तेवढ्यात बातमी वाजली. समुद्रापलीकडे, दुसऱ्या एका देशाच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली मोठा भूकंप झाला होता. सर बातमी वाचत राखीच्या मागे येऊन उभे राहिले, रेषेकडे बघितलं, आणि खिशात ठेवायला निघालेला मोबाईल हातातच राहिला. आख्ख्या जिल्ह्यात कोणाच्या कपातला चहा हलला नव्हता. बाजार भरला होता, एसट्या धावत होत्या, आणि सगळ्यांच्या पायाखालून पृथ्वी एकदा वर होत होती आणि खाली बसत होती.

“भेव लागून राह्यलं काय, बापू?”

“भेव नाही,” खेमसिंग म्हणाला. “पण चपला काढल्या मी.”

मग तिला आठवलं आणि तिने विचारलं, “बापू, ते विहिरीतलं सिम अजून चालू कसं? सिम तं बंद पडते ना?”

“मी रिचार्ज मारतो ना. फुलसावंगीले जातो तवा मारतो. अन् ती काचेची पाटी फडक्यानं पुसतो, धूळ बसते तिच्यावर.”

“कायले? बादलभियानं तं सारं सोडून देलं होतं.”

“त्यानं मले काढ म्हटलं नाही. लेकरानं बसवलं, त्यानं सांगल्याशिवाय मी कसं काढू?”

राखीने डोळे पुसले, आणि टाइप केलेला हुकूम एकेक अक्षर मागे खोडला. आधी तिने त्या जिवंत प्रोसेसच्या हातात धरलेल्या फाईलची नवी प्रत काढली, आकड्यांचीही काढली. मग सर्व्हरच्या कोपऱ्यात एक छोटासा नवा गट पाडला, आणि त्या प्रोसेसचा नंबर त्या नव्या गटात लिहिला. बस, एवढंच. प्रोसेसला कळलंसुद्धा नाही की तिचं घर बदललं. पडद्यावरची रेषा कुठे तुटली नाही. प्रोसेस मूठभर जागेत बसणारी होती, मोठी जागा नुसती राखीव पडली होती. मग राखीने आतला जुना गट काढला, आणि मग बाहेरचा. सिस्टिम या वेळी काही बोलली नाही.

“निघाला, सर.”

“हूं,” सर म्हणाले. ते अजून रेषेकडेच पाहत होते. “हे आहे कोणाचं?”

“बादल राठोडचं. त्याच गोठ्याचं.”

सर खाली बघायला लागले. त्या दिवशी हसणाऱ्यांत तेही होते.

राखीने बादलला फोन लावला. मागे कारखान्याचा घरघराट होता. तिने सगळं सांगितलं: गट, रेषा, पाणी, बातमी.

“मी पुसलं होतं ते,” बादल म्हणाला.

“तू पुसलं. मेलं नव्हतं ते. अन् तिकडून बापू त्याले चालवून राह्यला होता, तुले न सांगता.” आणि तिने रिचार्जचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, चपलांचंही सांगितलं.

घरघराट हळूहळू लांब गेला. तो कारखान्याबाहेर आला असावा.

“बापू विहिरीवरच आहे?”

“तिथंच बसला.”

“त्याले म्हण, उठू नको. मी येऊन राह्यलो.”

“भिया, लई वेळ लागन तुले. तवापर्यंत पाणी थांबून जाईन.”

“पाणी पाह्याले नाही येऊन राह्यलो,” बादल म्हणाला.