माझ्या पोटातली पोकळी

मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे, वजनाचा. चौदा पौंडांचा एक ‘स्टोन’, असं आमचं विलायती माप. मी त्याच्या अर्धा, सात पौंडांचा. निदान माझ्या पाठीवर तसा आकडा आहे. मित्रांनो, तो आकडा कुणी वाचला की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला ओतलं तेव्हा पोटात एक भोक ठेवलं होतं. त्यात शिसं भरून माझं वजन अचूक केलं आणि शिशावर सरकारी मुकुटाचा छाप मारला. तेव्हा मी फार मिरवलो. यॉर्कशायरच्या एका खेड्यात, जोथम ब्रेथवेट यांच्या दुकानात मी बटाटे तोलले, पीठ तोललं. जोथम दर रविवारी समोरच्या चॅपेलमध्ये, गावच्या छोट्या प्रार्थनाघरात, पुढे उभं राहून भजन सांगायचे. "प्रभू, माझं अंतर तोलून पाहा" ही ओळ त्यांनी उचलली की अख्खा गाव मागे गायचा.

एका वसंतात माझं शिसं गळून पडलं. जोथमनी ते पाहिलं. "उद्या भरून आणू," असं पुटपुटत त्यांनी भोकात साबण कोंबला आणि वर काळा रंग फासला. तो उद्या तीन वर्षं उगवला नाही. तपासणीचा अधिकारी आला की मी पिंपामागे. मी पाव पौंड हलका झालो होतो आणि तेवढाच माल प्रत्येकाला कमी मिळत होता. रविवारी ती ओळ ऐकू आली की वाटायचं, जमिनीत गाडून घ्यावं.

आमच्याकडे तान्ही बाळं शनिवारी दुकानाच्या तराजूत तोलत. गावातल्या थर्झाचं पहिलं बाळ जन्मापासून अशक्त. मागच्या शनिवारी लहान वजनांनी ते पावणेसात पौंड भरलं होतं. सुईणीने बजावलं होतं, "पुढच्या वेळी औंसभर तरी वाढलं नाही, तर सरळ शहरातल्या इस्पितळात न्यायचं, पोरी. मग थांबायचं नाही."

तो शनिवार आला. जोथम आत पीठ काढत होते. सुईणीने एका पारड्यात बाळ ठेवलं, दुसऱ्यात मला. काटा मधोमध थांबला.

"सात," ती म्हणाली. "पाव पौंड चढलाय गडी."

"बापावर गेलाय," पीठ घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या पिकल्सबाई म्हणाल्या. "तोही ताटावरून उठत नाही."

थर्झा महिन्याभरात पहिल्यांदा हसली. बाळाला शालीत गुंडाळून ती दाराकडे निघाली. बाळ तसूभर वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते माझं खोटं, आणि मला तोंड नव्हतं.

जोथम पिठाचा डबा घेऊन बाहेर आले. त्यांनी पारड्यात मला पाहिलं. त्यांचा चेहरा पिठाहून पांढरा झाला.

"थर्झा, थांब." त्यांनी मला उलटं करून सुरीने साबण उकरला. "तो वाढलेला नाही. हे वजन खोटं आहे. मला ठाऊक होतं."

"म्हणजे माझं पीठसुद्धा?" पिकल्सबाईंनी विचारलं.

"तुमचंही."

"आणि रविवारी आम्हाला भजनं सांगत होतास होय रे?"

"होय." त्यांनी कोट चढवला. "गाडी जुंपतो. चल पोरी, उशीर नको."

बाळ पाच आठवडे इस्पितळात राहिलं आणि जगलं. जोथम पुन्हा कधी भजन सांगायला पुढे उभे राहिले नाहीत. शेवटच्या बाकावर बसून हलक्या आवाजात गायचे. चॅपेलचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यांनीच मला तिथे ठेवलं, भोक वर करून.

आता जोथम नाहीत. गेल्या रविवारी एक उंचपुरा माणूस आत जाताना वाकला. थर्झाचा तोच मुलगा. त्याने माझ्या पोकळीत बोट घालून पाहिलं.

"एवढंच होतं होय?"

एवढंच होतं, मित्रांनो. बोटभर. तुमच्याही घरातल्या वस्तू कधी उलटून पाहा, आणि भोक दिसलं तर त्यात साबण कोंबू नका. उद्या पारड्यात कोण येऊन बसेल, हे आपल्या हातात नसतं.