बाराव्या फोटोतलं धुकं

तळ्यावर धुकं उतरायचं, ते फार तर अर्धा तास टिकायचं. त्या अर्ध्या तासासाठी प्रल्हाद सहाला शॉमबर्गच्या घरातून निघायचा, बसी वूड्सच्या जंगलाशी पार्किंगमध्ये गाडी लावायचा, कपाळाला दिवा बांधून काठापर्यंत चालायचा आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय चिखलात दाबून बसवायचा. मग काही करायचं नाही. समोर मेपलची रांग, मध्ये पाणी, पाण्यावर धुकं. वारा पडेपर्यंत आणि पाण्यातली झाडं सरळ होईपर्यंत नुसतं उभं राहायचं.

उजेडाच्या बाबतीत त्याचा हात धरणारं कॅमेरा क्लबात कोणी नव्हतं. एकाच जागेचे तो तीन फोटो घ्यायचा. एक आभाळासाठी, एक झाडांसाठी, एक काठच्या काळ्या दगडांसाठी. घरी येऊन तिन्ही एकात असे बसवायचा की सांधा शोधून सापडू नये. फक्त एवढंच, की समोरचे मेपल लाल आहेत हे त्याला दुसऱ्यांकडून कळलेलं होतं.

लाल आणि हिरवा प्रल्हादला वेगळे दिसत नसत. भुसावळला वडील रेल्वेत होते, यानेही इंजिनावर जायचं असं घरात ठरूनच गेलं होतं. मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "आकडा कुठला?" प्रल्हादने विचारलं, "कुठाय आकडा?" तिथे इंजिन गेलं. मग कॉम्प्युटर आला, नोकरी आली आणि येवल्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील, अप्पा, पैठणीचं रेशीम रंगवणारे. प्रल्हादची आई म्हणाली, "रंगाऱ्याच्या घरी जाऊन मुलाला रंग कळत नाही म्हणून सांगू? आधी लग्न होऊ दे, मग बघू." लग्न झालं, संसार परदेशात शॉमबर्गला थाटला. ते 'मग' मात्र बावीस वर्षांत कधी आलं नाही. सिग्नल तो जागेवरून ओळखायचा, वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं. शर्ट शोभना काढून ठेवायची.

सियाने त्याला आठव्या वर्षी पकडलं. चित्रात गवत भरायला बापाच्या हातात खडू दिला, तर बापाने गवत तपकिरी केलं. "बाबा, व्हाय इज द ग्रास डेड?" तेव्हा त्याने तिला सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणाला, "आईला नको हं बोलूस." पोरीने मान डोलावली ती डोलावलीच. त्या दिवसापासून कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर ती त्याचे डोळे होऊन बसली. "लेस ग्रीन, बाबा. अजून. आता ओव्हर झालं. बॅक. स्टॉप." दहा वर्षं असं चाललं. शोभना दोघांना चहा-दूध आणून द्यायची आणि फोनवर आईला सांगायची, लेकीला बापाचा छंद लागलाय. ऑगस्टमध्ये सिया कॉलेजला सिएटलला गेली. स्टुलावर आता प्रिंटरच्या कागदांचा गठ्ठा होता.

आणि याच वर्षी लायब्ररीने त्याला नोव्हेंबरभरासाठी एक भिंत दिली. बारा फोटो, सगळे पानगळीचे. अकरा जुने होते, सियाच्या नजरेखालून गेलेले. बारावा या ऑक्टोबरचा हवा होता, आणि सोमवारी सगळ्या फाइल्स छपाईला जायच्या होत्या. एका फोटोत रंग चुकला की लोक विचारणार, विचारलं की शोभनासमोर उत्तर द्यावं लागणार.

त्याने फोटो फोनवरून सियाला पाठवला. ती बसमध्ये होती.

"व्हेरी ग्रीन, बाबा. पुश इट द अदर वे."

त्याने ढकललं.

"अजून थोडं. हं, नाऊ इट्स परफेक्ट. बाय, क्लास आहे."

डोळ्यांतून पाणी येतं म्हणून तिने फोनचा पडदा कायमचा हिरवट-पिवळा करून ठेवला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही आणि त्याला ते दिसणं शक्य नव्हतं.

गुरुवारी नमुन्याचा प्रिंट घरी आला. शोभना टेबलावर कोथिंबीर निवडत होती. हात पुसून तिने पाकीट उघडलं.

"अहो, हे धुकं कुणाच्या लग्नाला निघालंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? राणी रंगाचा शेला घेऊन बसलंय तळ्यावर."

"सकाळचं असतं तसं."

"मी पण बघते हो सकाळ. आमच्या किचनच्या खिडकीत येते ती."

तेवढ्यात त्याच्या फोनवर लायब्ररीतल्या हिमानीचा मेसेज आला. हिमानी नागपूरची, भिंतीचं सगळं तीच बघत होती. 'काका, फाइल मिळाली. फॉग मुद्दाम पिंक केलाय का? बोल्ड आहे यार!'

प्रल्हादने फोन पालथा ठेवला. "मी सगळे ब्लॅक अँड व्हाइट करून देतो."

"का?"

"बरं दिसतं."

"दहा वर्षं पोरीला शेजारी बसवून रंग रंग केलंत, आणि आता ती गेल्यावर काळंपांढरं?" शोभना हसतच बोलली होती. त्याचं तोंड बघून तिने हातातली काडी खाली ठेवली. "काय झालंय?"

त्याने सांगितलं. चार वाक्यांत झालं. बावीस वर्षं जे एवढं मोठं वाटत होतं, ते बोलायला कोथिंबिरीची अर्धी जुडी निवडण्याइतकाही वेळ लागला नाही.

शोभनाला आधी टोमॅटो आठवले. "म्हणून तुम्ही दर वेळी कच्चे टोमॅटो आणता? मी वेंधळा म्हणते तुम्हाला. पाहुण्यांसमोर म्हटलं, मुलीसमोर म्हटलं."

"असू दे. वेंधळा बरा होता."

"आणि माझा शालू?"

याची त्याला धास्ती होती. बस्त्याच्या दिवशी येवल्याच्या दुकानात गादीवर तीसेक शालू उलगडले होते. लाल, डाळिंबी, कुंकवाचे. सासरे म्हणाले होते, जावईबापू, तुमच्या पसंतीचा काढा. आणि प्रल्हादने त्यातला एकुलता शेवाळी उचलला होता. सासऱ्यांनी तो उजेडात धरला, जरा वेळ बघितला आणि म्हणाले, "पारखी आहे. असा रंग उतरायला महिना जातो." शोभना शेवाळी शालूत लग्नाला उभी राहिली. बायका कुजबुजल्या, तर म्हणाली, त्यांना चारचौघांसारखं आवडत नाही. हे वाक्य ती अजून सांगायची, शॉमबर्गच्या हळदीकुंकवातसुद्धा.

"लाल समजून उचललात?"

"सगळे सारखेच दिसत होते, शोभना."

"मग तोच का?"

त्याने विचार केला. खोटं बोलायची सवय होती, पण आज ते जुळेना. "त्याच्यावर खिडकीतला उजेड पडला होता."

तिने कोथिंबिरीची काडी पुन्हा उचलली. मग विचारलं, "सियाला माहीत होतं?"

"हो."

"किती वर्षं?"

"दहा."

शोभनाने निवडलेली आणि न निवडलेली कोथिंबीर एकाच डब्यात भरली आणि झाकण लावलं.

शुक्रवारी घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. संध्याकाळी सियाचा व्हिडिओ कॉल आला. प्रल्हादने आधीच तिला कळवलं होतं.

"आई, आय वॉज एट! बाबाने प्रॉमिस घेतलं होतं."

"आठाची अठरा झालीस ना मध्ये?"

"दॅट्स नॉट फेअर." पोरगी रडवेली झाली. मग नाक ओढून म्हणाली, "आई, बाबाला आकाश कळतं. मला नाही कळत तेवढं. ओन्ली द कलर्स त्याला लागतात. समबडी हॅज टू टेल हिम."

"जेवलीस का?" शोभनाने विचारलं. तिच्याकडून समेटाची बोलणी अशीच सुरू व्हायची, पण ती लेकीशी होती. नवऱ्याला तिने त्या दिवशी ताट वाढलं आणि स्वतः टीव्हीपुढे जेवली.

शनिवारी रात्री प्रल्हादने बाराही फायली उघडल्या आणि एकेकीतला रंग काढून टाकला. पिवळा आणि निळा गेलेला त्याला दिसला. लाल पानगळही राखाडी झाली असणार, असं तो धरून चालला.

रविवारी सहाला तो गॅरेजमध्ये आला, तर शोभना गाडीत बसलेली. पंजाबी ड्रेसवर त्याचा जुना पार्का, मांडीवर थर्मास.

"तू कशाला? थंडी आहे."

"बघू तरी, कुठल्या सवतीसाठी रविवार मोडता ते."

तळ्यावर धुकं होतं. त्याने ट्रायपॉड रोवला, छोट्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला, लेन्सवरची काच हळूहळू फिरवून पाण्यावरची चकाकी कमी केली. शोभना मागे उभी राहून बघत होती. बावीस वर्षांत तिने हे कधी बघितलं नव्हतं. हा माणूस घरात चहाचा कप शोधताना दोन कपाटं उघडतो, आणि इथे त्याचा हात जाईल तिथे वस्तू होती.

"आता?"

"आता थांबायचं."

"किती?"

"वारा सांगेल."

वारा काही घाईत नव्हता. शोभनाने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, त्याला दिला. उगवतीकडे उजळलं आणि पलीकडची झाडं एकेक करून धुक्यातून पुढे आली. ती पुटपुटल्यासारखी गुणगुणली. तिची आत्या रेशमाच्या लडी पिळताना म्हणायची ते:

रंगाऱ्या भाऊराया, रंग दे उगवतीचा
हंडा तुझा लहान नि पदर माझा वितीचा.

"धुकं कसं आहे?" प्रल्हादने विचारलं. कॅमेऱ्याकडे बघतच विचारलं.

उत्तर द्यायचं की नाही, हेच तिचं अजून ठरलेलं नव्हतं. मग म्हणाली, "पांढरं नाही. अप्पा पांढरं रेशीम पहिल्यांदा हंड्यात बुडवून बाहेर काढायचे ना, तेव्हा आधी वाटायचं रंग चढलाच नाही. दोरीवर घातलं की मग जाणवायचा. तसं आहे. अबोलीचं पाणी नुसतं लागलंय."

"आणि झाडं?"

"डावीकडची तीन डाळिंबी. मधलं एक हळदीचं. त्याच्या पलीकडे अजून हिरवंच आहे, वेडं. आणि पाण्यातली सगळी एकेक बोट जास्त गडद."

त्याने खिशातली वही काढली आणि ती सांगेल ते लिहून घेतलं. डाळिंबी तीन. हळद एक. वेडं हिरवं एक. वारा पडला. त्याने रिमोटचं बटण दाबलं. एकदा आभाळासाठी, एकदा झाडांसाठी, एकदा दगडांसाठी.

घरी आल्यावर तिने स्टुलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला आणि बसली. सियाची भाषा तिला येत नव्हती, आणि शोभनाची भाषा कॉम्प्युटरला. ती म्हणे, "अजून एकदा बुडवा." तो सरकपट्टी केसभर हलवी. "जास्त झालं, धुऊन काढा." तो मागे येई. दुपारी दोनपर्यंत धुक्याला अबोलीचं पाणी लागलं, जेवढं हवं तेवढंच. जुन्या अकरांचे रंग त्याने फायलींत परत आणले.

उठता उठता ती थांबली. "तुम्हाला कसं दिसतं, ते दाखवता येतं का?"

त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. सियानेही नाही. त्याने फोटोची एक प्रत काढून पहिलीच्या शेजारी ठेवली आणि तिच्यातला लाल हिरव्याकडे सरकवत नेला. सरकवता सरकवता शोभनाचा चेहरा बदलत गेला, पण त्याला पडद्यावर काहीच बदलताना दिसत नव्हतं. तेवढीच त्याची खूण होती. फरक दिसायला लागायच्या आत थांबायचं. तो थांबला.

"आता दोन्ही सारखे?"

"सारखे."

शोभना कितीतरी वेळ उजवीकडच्या फोटोकडे बघत राहिली. डाळिंबी झाडं गेली होती. हळद होती, आणि बाकी सगळ्या काठावर एकच रंग पसरला होता. ओल्या दगडावरचा, मऊ, हिरवा म्हणावा तर मातकट.

"हा तर माझा शालू," ती म्हणाली.

मग म्हणाली, "दोन्ही द्या छपाईला."

"दोन्ही लावले तर लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगेन."

जुन्यातला एक फोटो गळला. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीच्या भिंतीवर अकरावा आणि बारावा फोटो शेजारी शेजारी लावायचे होते. हिमानी शिडी धरून उभी होती. दोन्ही फ्रेम एकाच मापाच्या, एकच तळं, एकच धुकं. प्रल्हाद त्या हातात घेऊन उभा राहिला, आणि कुठली कुठली हे त्याला सांगता येईना.

"काका, एनी प्रॉब्लेम?"

"नाही," तो म्हणाला, आणि फ्रेम पालथ्या केल्या. मागे शोभनाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. एकीवर 'माझं'. एकीवर 'तुमचं'.

त्याने आधी तिची लावली, मग आपली. शोभना चार पावलं मागे गेली, मान तिरकी करून पाहिलं.

"तुमचं जरा वर घ्या," ती म्हणाली. "तिथे उजेड चांगला पडतोय."