चाळीस माणसं फिट

वाळूजच्या कारखान्यांत माणूस आधी फिट होतो, मग कामाला लागतो. डॉक्टरनं तपासून तसं लिहून द्यायचं असतं, कायदाच आहे तसा. पण डॉक्टरला वेळ कुठंय? तो कोऱ्या सर्टिफिकेटांवर सह्या ठोकून गठ्ठा हातात देतो, आणि वय, वजन, नजर हे सगळं ठेकेदाराचा सुपरवायझर चहा पिता पिता भरतो. विश्वजीत तोच सुपरवायझर. एका बैठकीत चाळीस माणसं फिट करायचा. शेवटच्या रकान्यात इंग्रजीत तीन अक्षरं ओढली की झालं. पोरं ज्या शब्दानं चहाची तारीफ करतात, अंगावरची पँट बघतात, जमलेल्या सोयरिकीला 'मामला फिट' म्हणतात, त्याच शब्दाच्या भरवशावर माणसं मशीनपुढं उभी करायची. विश्वजीतला त्यात कधी काही खटकलं नाही. खटकायला कुणाचा तरी हात जावा लागतो.

हात गेला अप्पारावांचा. देवगाव रंगारीचे, विश्वजीतच्या भावकीतले चुलते. पोरांनी शेत वाटून घेतलं, बापाला मात्र कुणी वाटणीत घेतलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी काम मागत शहरात आले.

"इशू, उजव्या डोळ्यानं निस्तं धुकं दिसायलंय बरं का मला. चालंल का?"

"कोण बघायलंय तिथं, आप्पा? तुम्ही फक्त गप राहा."

त्यानं वय पंचेचाळीस लिहिलं, नजर चांगली लिहिली, फिट लिहिलं. वर उपकार केल्यासारखा हसला. अप्पारावांनी गावात सांगून टाकलं, पुतण्या असावा तर असा.

तिसऱ्या महिन्यात पत्रा दाबणारा प्रेस खाली आला तेव्हा उजवा हात अजून आतच होता. अप्पारावांना प्रेस येताना दिसलाच नाही. तीन बोटं गेली.

विश्वजीत रोज दवाखान्यात डबा घेऊन जायचा. अप्पाराव म्हणायचे, "माझंच ध्यान नव्हतं. तुला लई तरास झाला रं." हे ऐकलं की विश्वजीतला घरी भाकर गोड लागायची नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या माणूस पचवतो.

मग चौकशी लागली. आदल्या दिवशी मॅनेजरनं विश्वजीतला बाजूला घेतलं. "जबाब सरळ झाला तर म्हाताऱ्याला गेटवर वॉचमन म्हणून बसवू. जन्माची भाकरी. वाकडा झाला तर तू पण घरी, तो पण घरी." विश्वजीतनं ते रात्रीच अप्पारावांच्या कानावर घातलं.

चौकशीला मनस्विनी मॅडम होत्या, सरकारी सेफ्टी खात्याच्या. त्यांनी सर्टिफिकेट समोर ठेवलं.

"काका, कामावर घेताना डॉक्टरांनी तपासलं होतं तुम्हाला?"

विश्वजीतनं मान खाली घातली.

"व्हय मॅडम," अप्पाराव ठणकावून म्हणाले. "डोळं बघितलं, छाती बघितली. जीभसुदिक बाहेर काढाय लावली."

मॅडमनी लिहून घेतलं. कागद सहीसाठी टेबलावरून सरकवला आणि त्या फोनवर बोलायला लागल्या. कागद अप्पारावांच्या उजव्या हाताला पडला होता. ते समोर बघत तसेच बसून राहिले. मॅडमचं लक्ष नव्हतं. विश्वजीतनं हळूच तो कागद डावीकडं ओढून दिला. अशा कामात त्याचा हात बसलेला.

"इथं का रं?" अप्पारावांनी डाव्या हातात पेन धरला आणि जीभ दातात पकडून 'अ' काढायला घेतला. पहिलीतल्या पोरासारखा. पट्टीतला उजवा हात मांडीवर पडला होता.

विश्वजीतला ते बघवेना. सकाळीच कोऱ्या सर्टिफिकेटांचा नवा गठ्ठा आला होता, त्याच्याच ड्रॉवरमध्ये पडलेला. बीडची, जालन्याची पोरं फिट करायची होती. त्यांना कुणी बघितलंय?

"थांबा, आप्पा." त्यानं पेन काढून घेतला. "मॅडम, कुणीच तपासलं नाही. यांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. मला माहीत होतं. फिट मीच लिहिलं."

"आरं, गप बस की!" अप्पाराव घाबरून उठले. "मॅडम, त्याच्या डोक्याला ताप झालाय, मनावर घेऊ नगा."

मॅडमनी फोन ठेवला. "बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं मीच लिहितो."

त्यानंतर तासभर कागद लिहिले गेले. विश्वजीतला वाटलं होतं, बोललं की छाती हलकी होईल. कसली हलकी होतेय.

गेटबाहेर ऊन मी म्हणत होतं. वॉचमनच्या खोलीतली रिकामी खुर्ची अप्पारावांनी मान पूर्ण वळवून बघून घेतली.

"आता आंधळा म्हून कागदावर आलो मी," ते म्हणाले. "आता कोण बसवतंय मला हितं?"

"आप्पा, चुकलं माझं."

"कवा? तवा चुकलं का आत्ता?"

विश्वजीतनं गाडी काढली, "बसा, स्टँडवर सोडतो," म्हणाला.

"नगं," अप्पाराव म्हणाले, आणि गाड्यांच्या गर्दीत एकटेच रस्ता ओलांडायला निघाले.