साडेआठ मिलिअँपिअरचा ताळा

आमच्या कंपनीत एक नियम आहे. तो रामदास सरांनी, म्हणजे मालकांनी घातलेला असल्यामुळे त्याला कोणी नियम म्हणत नाही, संस्कार म्हणतात. नवं यंत्र बाजारात जाण्याआधी त्याचे बारा नग कर्मचाऱ्यांच्या घरी जातात. "स्वतःच्या आईला लावायची हिंमत नसेल तर दुसऱ्याच्या आईला विकू नका," असं सर म्हणतात. म्हणून गुडघेदुखीचं नवं यंत्र वारज्याला माझ्या आईकडे गेलं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना गोल चकत्या चिकटवायच्या, बटण दाबायचं, वीस मिनिटं सौम्य वीज गुडघ्यातून वाहते. ती किती वाहते हे मी संगणकावर काढलं होतं. साडेआठ मिलिअँपिअर. दहाच्या आत हवी असते, त्यामुळे मी निर्धास्त होते.

आठवड्याभरात आईचा फोन आला. "हेमे, जरा चुरचुरतं गं."

"शक्य नाही. साडेआठ आहे."

"कडेकडेने चुरचुरतं."

"आई, मी मोजलंय की तू?"

चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई आहे ती. सुशीलाबाई समोरून येताना दिसल्या की अजूनही चांगली टक्कल पडलेली माणसं मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायला लागतात. अशा बाईला मी हे ऐकवलं आणि वर फोन ठेवताना मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

दर शनिवारी कंपनीचा एक फॉर्म भरायचा असे. आई सुवाच्य अक्षरात लिहायची, 'त्रास नाही. आराम पडतो.' असे सहा फॉर्म जमले. ते मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावले.

मग गंधार आला. तो कंपनीत नवीन, दोनच आठवडे झालेले, त्यामुळे अजून प्रश्न विचारायचा. मंगळवारी सकाळी हडपसरच्या ऑफिसात त्याने माझं गणित उघडलं.

"मॅडम, एका चकतीतून नऊ आत जाते. दुसरीतून आठ बाहेर येते. मधली एक कुठे गेली?"

"कुठे जायचीय? संगणकात गुडघ्याचे तीन लाख तुकडे केलेत. थोडं इकडेतिकडे होतं. आपण सरासरी घेतो."

"आपण म्हणजे कोण?"

"ही कंपनी. सतरा वर्षं."

"आणि चकतीच्या कडेला हे लाल कडं दिसतंय, ते?"

"कडेचा आकडा खोटा असतो. तो धरायचा नाही." हे मला रामदास सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी ते त्यांच्याच सुरात सांगितलं.

तो वाद घालत नाही, हे त्याचं सगळ्यात चीड आणणारं. शांतपणे म्हणाला, "आपण विजेचा दाब काढतो आणि त्याच्या उतारावरून प्रवाह ठरवतो. कडेला उतार एकदम तीव्र आहे आणि तुकडे मोठे आहेत. नेमका तिथेच प्रवाह कापला जातोय. उतार सोडून देऊ. चकतीखालच्या प्रत्येक बिंदूवर तो दाब टिकवायला किती वीज पुरवावी लागली, ते समीकरणांनाच माहीत असतं. त्यांनाच विचारू आणि बेरीज करू."

"विचार बाबा," मी म्हटलं. "मी चहा घेते."

चहा घ्यायला मी उठलेच नाही. चार मिनिटांत पडद्यावर दोन आकडे आले. आत साडेबारा. बाहेर साडेबारा. शेवटच्या दशांशापर्यंत जुळलेले.

"तुकडे बारीक करून परत चालव," मी म्हटलं. त्याने कडेचे तुकडे दहापट बारीक केले. आकडा साडेबाराच्या आसपासच राहिला.

यंत्र तपासलं होतं ते रबरी गुडघ्यावर. माणसाच्या गुडघ्यासाठी दाब किती ठेवायचा, ते माझ्या साडेआठवरून ठरलं होतं. आणि आईला मधुमेह आहे. पायावर उकळतं पाणी पडलं तरी तिला उशिरा कळतं. अशी बाई मला चुरचुरतं म्हणाली होती!

घड्याळात अकरा वाजत होते. अकरा ही तिची यंत्र लावायची वेळ. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आठवलं, माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'यंत्र चालू असताना मोबाईल दूर ठेवावा.' लिहिणारी मीच.

"बाकीच्या अकरा घरी आत्ता फोन कर," मी गंधारला म्हटलं. "बंद करा, एवढंच सांग. मग सरांना सांग." आणि स्कूटर काढली.

हडपसर ते वारजे मी कशी गेले ते विचारू नका. एका सिग्नलला मी हॉर्नवरचा अंगठा काढीना, तेव्हा शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, दिवा हॉर्नने हिरवा होत नाही." एरवी मी त्यांना सोडलं नसतं.

पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. वाटलं, वीस मिनिटं केव्हाच संपली असतील. पण आज तिची कामवाली उशिरा आली होती, म्हणून सगळंच उशिरा. आई खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती आणि यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. मी वायर ओढून काढली.

"अगं, अजून सात मिनिटं आहेत," आई म्हणाली.

"गुडघा दाखव."

"काही नाही त्यात बघण्यासारखं."

मी खाली बसले आणि चकत्या सोडवल्या. दोन्हींखाली एकेक गोल कडं उमटलं होतं. मधली कातडी स्वच्छ, कडेने लालभडक. एका जागी फोड फुटलेला, एका जागी काळं पडलेलं. हेच कडं मी सकाळी पडद्यावर पाहिलं होतं आणि खोटं म्हटलं होतं. मला रडूच फुटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. सांगितलं होतं की तुला."

"मग फॉर्मवर त्रास नाही असं का लिहिलंस?"

"तू म्हणालीस, मोजलंय. जेवढी आत जाते तेवढीच बाहेर येते, हा ताळा तर तू केलाच असशील. म्हटलं, चूक आपल्या कातडीची." तिने साडी गुडघ्यावर ओढली. "तुझ्या आकड्यावर मी कशी शंका घेऊ?"

ताळा केला नाही म्हणून याच बाईने पाचवीत माझा अर्धा मार्क कापला होता.

"ताळा जुळत नव्हता, आई," मी म्हटलं. "मी सरासरी घेतली."

इतके दिवस भाजून घेतलेल्या बाईचा चेहरा आत्ता पांढरा पडला.

"जुळत नव्हता," ती हळूच म्हणाली, "आणि तू सरासरी घेतलीस?"

मी मान हलवली. दवाखान्यात चल म्हणून तिचा हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला. टेबलावरचा या शनिवारचा कोरा फॉर्म पुढे ओढला आणि कपाटातलं लाल पेन मागितलं. 'त्रास' या रकान्यात तिने लिहिलं, 'पहिल्या आठवड्यापासून. दोन्ही बाजूंनी. कडेला.'

मग फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"खाली सही कर," ती म्हणाली. "आणि करण्याआधी वाच."