बाबांचं डोमिनिका

वेरलिनने सुकाणू कमरेने दाबून धरलं आणि डोळ्यांवर हात आडवा धरला. ढग सरकला, तर ढगाच्याही वर डोंगर निघाला. हिरवागार, आणि इतका उंच की ती शीड सावरायचं विसरली. करियाकू या त्यांच्या छोट्या बेटावर घरामागच्या टेकडीलाच सगळे डोंगर म्हणत.

"बाबा, आलं हो!"

तिचे बाबा, बर्ट्रम, पुढे गलबताच्या नाळेवर बसून डोंगराकडेच बघत होते. जवानीत तीनदा डोमिनिका बेटावर जाऊन आल्याच्या गोष्टी सांगून त्यांनी अख्ख्या गावाचे कान किटवले होते. त्यांच्याच भरवशावर बापलेक दोन दिवस समुद्र कापत आली होती. गलबत नवंकोरं होतं. घरच्यांनी सात वर्षं खपून बांधलेलं, आणि दुसरं बांधायला आता कुणाच्याच अंगात जोर नव्हता.

"नांगर कुठे टाकायचा?"

"लांबच टाकू. तीनच वाव खोल पाणी. खाली पांढरी वाळू."

पाणी तर काळंशार होतं. तरी तिने शीड उतरवलं आणि बाबांनी नांगर सोडला. दोर सुटत गेला, सुटतच गेला, आणि संपून खुंटीला ताठ झाला. नांगर तळाला लागलाच नव्हता. ओढीच्या पाण्याने गलबत टोकाच्या खडकांकडे निघालं.

वेरलिनने बाबांकडे पाहिलं. ते हातातल्या दोराकडे खुळ्यासारखे बघत होते. तिला सगळं कळलं. संताप आला, पण संतापायला वेळ नव्हता.

"ओ कॅप्टनबाई!" जवळून जाणाऱ्या होडीतला एक कोळी हसत ओरडला. "समुद्राचा तळ शोधताय होय? इथं काठापर्यंत पाणी खोल, जवळ घ्यायचं आणि माडाला बांधायचं!"

"मग हसता काय? दोर धरा, दादा!"

बापलेकींनी मिळून नांगर वर ओढला. तिने पुढचं लहान शीड चढवलं आणि गलबत सरळ किनाऱ्यावर घातलं. खडक हातभरावरून गेले. कोळ्याने दोराचं टोक नेऊन माडाला आवळलं, बाबांनी काठाजवळ मागे सोडलेला नांगर काळ्या वाळूत रुतला, आणि गलबत थांबलं. ओल्या पानांचा वास येत होता.

बर्ट्रमनी टोपी काढली.

"मी इथं कधी आलोच नव्हतो, पोरी. माझे वडील यायचे म्हणे."

"कळलं ते."

"रागावलीस?"

"मग काय ओवाळू? गलबत गेलं असतं, बाबा."

समोर धुकं विरत होतं. पहिल्या डोंगरामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, आणि त्याच्या कड्यावरून पाण्याची पांढरी धार आवाज न करता खाली येत होती. बघता बघता वेरलिनचा राग कुठे गेला, तिलाच कळलं नाही. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"गावात सगळे म्हणायचे, म्हातारा फुगवून सांगतो," बर्ट्रम म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी तर कमीच सांगत होतो गं."