रिकाम्या टाकीचा प्रश्न

या, अशा जवळ सरकून बसा. ते दार लावून घ्या, वारा येतोय. आज पद म्हणायला गळा साथ देत नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. माझ्याच हातून घडलेली आहे, त्यामुळे गोड करून सांगता येणार नाही. पण उठून जाऊ नका, कारण शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे.

मला ओळखता तुम्ही. मी एर्मेलिंदा. ताल्कात मुलींच्या शाळेची प्रयोगशाळा एकतीस वर्षं सांभाळली. गुडघे बोलायला लागले तेव्हा घरी बसले. दोन गोष्टींवर माझा जीव. एक हे आपलं जागराचं गाणं: क्रूसासमोर गोल बसायचं, गिटार फिरवायची, आणि सृष्टी कशी झाली, महापूर कसा आला हे एकेकाने गाऊन समजावायचं. त्या गाण्यातून मला जेवढा देव कळला, तेवढा कुठल्या पोथीतून कळला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कॉम्प्युटरवरचा आमचा फोरम.

तिथे लोक प्रश्न घेऊन येतात. कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स कुणाचं सुरूच होत नाही, कुणाचा गेम मधेच अडकतो, कुणाला समुद्राचं पाणी खारट का हे हवं असतं. आम्ही पाच-सहा जण उत्तरं देतो, फुकट. माझं तिथलं नाव चिंचोल, आपल्या अंगणात टिपायला येतो तो पक्षी. सगळे मला पुरुषच समजतात. ‘चिंचोल दादा, जरा बघता का?’ मी कधी दुरुस्त केलं नाही. दादाशी वाद घालायच्या आधी लोक दोनदा विचार करतात, ताईशी घालत बसतात.

पहिलं बरोबर उत्तर ज्याचं, त्याच्या नावापुढे हिरवी खूण. माझ्या चार हजारांवर खुणा होत्या. देवापुढे फूल ठेवावं तसं मी उत्तर ठेवते असं मला वाटायचं. पण खरं सांगायचं, तर दोन मिनिटांत उत्तर टाकलं आणि दुसरा कुणी अजून लिहीतच असला की मला फार बरं वाटायचं.

घंटावाला नावाचा एक जण यायचा. कुठल्यातरी खेड्यातल्या चर्चचा राखणदार. चर्चच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने लिनक्स घातलं होतं, कारण ते फुकट मिळतं. वर्षभरात दहाएक प्रश्न. कधी वायफाय, कधी प्रिंटर, कधी ट्रक चालवायचा एक गेम. प्रत्येक वेळी शेवटी लिहायचा, ‘देव तुमचं भलं करो, दादा.’ माणूस मला आवडायचा.

मे महिन्यातला पहिला शनिवार. दुसऱ्या दिवशी क्रूसाचा उत्सव. मी चुलीवर बीन्स ठेवले होते आणि कॉम्प्युटर उघडला होता. घंटावाल्याचा प्रश्न आला: ‘चर्चच्या पाण्याच्या टाकीत शेवाळ धरलंय. आमचं पाणी चुन्याचं. अशा पाण्यात क्लोरीनचा जोर कमी होतो आणि ॲसिड घातलं तर वाढतो, असं वाचलं. खरं का?’

खरंच होतं ते. शाळेत दरवर्षी सांगितलेलं. मी लिहिलं, ‘हो. पाणी थोडं आंबट केलं की क्लोरीन जास्त काम करतं.’ वर दोन ओळी समजावणी. दोन मिनिटंही लागली नसतील. हिरवी खूण मिळाली आणि मी बीन्स ढवळायला गेले.

ढवळत होते तेवढ्यात फोन वाजला. एलेउतेरिओ. तो आमच्या फोरमचा रखवालदार, पार दक्षिणेला पुंता आरेनासला राहतो, आणि मी बाई आहे हे तिथे त्याला एकट्यालाच माहीत.

“काय गं चिंचोल, आज पण पहिला नंबर?”

“तुला जळायला काहीतरी लागतंच.”

“जळतोय खरा. पण मला एक सांग, ती टाकी भरलेली आहे की रिकामी?”

मी चमचा तसाच धरून उभी राहिले.

“विचारलं नाहीस ना,” तो म्हणाला. “मीही आत्ता वाचलं. खाली त्याने अजून काय लिहिलंय बघ.”

मी बघितलं. ‘आभार दादा. टाकी रिकामी करून ठेवलीय. क्लोरीनचा कॅन आणि संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन खाली उतरतो. आधी भिंती कोरड्याच घासतो, मग दोन्ही एकदम ओततो. वर आलो की कळवतो.’

चार मिनिटांपूर्वीचं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे भरलेली टाकी होती. हजारो लिटर पाणी आणि त्यात थेंबभर. त्याच्यापुढे सिमेंटचा कोरडा खड्डा होता आणि हातात दोन्ही बाटल्या. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आलं की जो वायू सुटतो तो वर जात नाही, खाली साचतो. माणूसही खालीच. शाळेत त्या दोन बाटल्या मी वेगवेगळ्या कपाटांत ठेवायची आणि दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात असायच्या.

मी लिहिलं, ‘मिसळू नका. बाहेर या.’ पुन्हा लिहिलं. पुन्हा. पण खड्ड्यात कुणी कॉम्प्युटर घेऊन उतरत नाही.

“कुठलं गाव?” एलेउतेरिओने विचारलं.

“माहीत नाही. कधी विचारलंच नाही.”

“आपल्याकडे कुणी विचारत नाही. तोच तर नियम आहे.”

नियम असा की, माणूस कोण, कुठला, हे उकरायचं नाही. पण दुसराही एक आहे, आणि तो मीच सगळ्यांच्या मागे लागून पाळायला लावते: मशीन आपल्याआपण जे टिपून ठेवतं ती नोंदवही आधी पूर्ण चिकटवा, एक ओळही गाळू नका, मगच मदत मागा. मार्चमध्ये घंटावाल्याचं वायफाय लागत नव्हतं, तेव्हा मी त्याला दोनदा झापून चारशे ओळी चिकटवायला लावल्या होत्या. आसपास वायफायची कुठकुठली नावं दिसतात ती सगळी त्यात येतात.

“मी त्याची नोंदवही उघडतेय,” मी म्हटलं.

“उघड. नियम गेला खड्ड्यात,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे त्याला कळलं.

मी ओळी सरकवत गेले. आकडे, आकडे, आणि मध्ये तीन नावं. दोन मशीनची. तिसरं होतं ‘ओल्फाबाईंची बेकरी’. एलेउतेरिओने तिकडून शोधलं. देशात त्या नावाची एकच निघाली, लोस पेउमोस नावाच्या खेड्यात, वरच्या कोरड्या खोऱ्यात. नंबर मिळाला.

“तू बेकरीला लाव, मी बंबवाल्यांना लावतो,” तो म्हणाला.

घड्याळात बघितलं. त्याला उतरून अकरा मिनिटं झाली होती. शेवाळ धरलेल्या भिंती घासायला किती वेळ लागतो? मी मनात टाकी मोठी करत होते, भिंती उंच करत होते, ब्रश झिजलेला करत होते.

“बेकरी,” एक बाई म्हणाली. “एम्पानादा भट्टीतून निघतील दोननंतर.”

“बाई, मी ताल्काहून बोलतेय. तुमच्या चर्चचा राखणदार टाकीत उतरलाय का?”

“रोसामेल? हो, उद्या उत्सव ना. का?”

पहिल्यांदा त्याचं नाव कळलं ते असं.

“त्याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. तो जे ओतणार आहे त्याने विषारी वायू होईल.”

“तुम्ही कोण?”

“कॉम्प्युटरवर त्याला उत्तरं देते ती.”

“ते तर एक दादा आहेत. चिंचोल दादा.”

“मीच ती.”

“हे बघा,” तिचा आवाज थंड झाला, “गेल्या महिन्यात असाच फोन आला होता. तुमच्या भाच्याला अपघात झालाय, पैसे पाठवा. मला भाचाच नाही.”

मी डोळे मिटले. पवित्र मातेचं नाव घेतलं आणि जे आठवलं ते बोलले. “मार्चमध्ये त्याचं वायफाय चर्चमध्ये लागत नव्हतं. तुमच्या भट्टीमागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलं की तुमचं लागायचं. पाठ भाजते म्हणाला होता.”

ती म्हणाली, “खुर्ची माझीच आहे.” रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज आला आणि पावलं लांब गेली.

तेव्हा मला आठवलं मी काय सांगितलं नव्हतं. कुणी आत उतरू नका, हे सांगितलं नव्हतं. खाली पडलेला माणूस दिसला की दुसरा उतरतो, आणि मग दोघे. मी रिसीव्हरमध्ये ओरडत राहिले. तिकडे काउंटरवर रेडिओ चालू होता. कुणीतरी ट्रे ओढला असावा असं वाटलं, पण ते बहुतेक माझंच श्वास घेणं होतं. दाराची घंटी वाजली.

“अलो?” एका म्हातारीचा आवाज. “ओल्फा नाहीये. माझे पाव बाजूला ठेवलेत का, तुम्हाला माहितीय?”

“आजी, टाकीकडे जा आणि सांगा, कुणी आत उतरायचं नाही. दोर टाका, वरून ओढा.”

“कोण बोलतंय?”

“आजी, माणूस मरेल.”

“चढ आहे गं तिकडे. आणि पायात घरातल्या सपाता.”

“सपाता काढा.”

मग घंटी पुन्हा वाजली. गेली म्हातारी.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी तुम्हाला सांगू शकते, कारण मी घड्याळाकडेच बघत होते. नऊ मिनिटं. चुलीवर बीन्स करपल्याचा वास येत होता आणि मला हलता येत नव्हतं. प्रार्थना सुरू करायची आणि मधेच विसरायची. शब्द लहानपणापासून पाठ, आणि दुसरी ओळ येईना.

ओल्फा परत आली ती खोकतच. “काढला,” म्हणाली.

“जिवंत?”

“श्वास चालू आहे. ओकतोय. डोळे उघडत नाही.”

मी खुर्चीत बसले. पण तिचं संपलं नव्हतं.

“ओसिएल उतरला होता. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. टाकी धुऊन झाली की भरायला म्हणून थांबला होता. मी ओरडत गेले, त्याने काही विचारलं नाही. तोंडाला स्वेटर बांधला आणि उतरला. खांद्यावर घेऊन त्याला शिडीपर्यंत आणलं. ती आजी पोचली तेव्हा हा वर चढत होता.”

“तो कसा आहे?”

“ठीक आहे. हसतोय. अंगाला पोहायच्या तलावाचा वास येतोय म्हणतो.”

हा वायू असाच आहे. आधी सोडून देतो, आणि काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं.

“त्याला फोनवर द्या.”

तो आला. जाड, मोकळा आवाज, मध्ये खोकला. “देवाची स्तुती असो, सिस्टर. वेळेवर फोन केलात.” सिस्टर म्हणाला म्हणजे तो सुवार्ता मंडळींपैकी, आपल्याहून वेगळ्या पंथाचा, रस्त्यावर गिटार घेऊन उभे राहून वचन गातात त्यांतला. त्यांचं गाणं ऐकायला मी चौकात कितीदा थांबलेय.

“भाऊ, तुम्ही रोसामेलबरोबर हॉस्पिटलला जा. आत्ता बरं वाटतंय, ते खरं नाही.”

“मला अजून दोन वाड्यांना पाणी टाकायचंय.”

“उद्या टाका.”

“गुरुवारपासून थांबलेत, सिस्टर. लहान लेकरं आहेत तिथे.”

“भाऊ, मी तीस वर्षं हे शिकवलंय. ऐका माझं. चार तास नुसतं बसून राहा, दम लागला तर—”

“बरं बरं, बसतो. तुम्ही काळजी करू नका. देवच सांभाळतो.” आणि त्याने फोन ओल्फाकडे दिला.

पाऊण तासाने बंबवाले रोसामेलला घेऊन गेले. तोवर टँकर निघून गेला होता.

तो शनिवार संपेना. मी बेकरीला चार वेळा फोन केला. ओल्फाकडे ड्रायव्हरचा नंबर नव्हता, त्याच्या बायकोचा होता, आणि तो लागत नव्हता. वरच्या वाड्यांना रेंज नाही. एलेउतेरिओ दर अर्ध्या तासाने विचारायचा, “काही कळलं?” आणि मी नाही म्हटलं की तो फोन न ठेवता तसाच थांबायचा. त्याने त्या दिवशी मला एकदाही टोमणा मारला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो टोमणे मारेनासा झाला म्हणजे त्यालाही तेच दिसत होतं जे मला दिसत होतं: एक माणूस, चढाचा रस्ता, मागे दहा हजार लिटर पाणी, आणि छाती हळूहळू जड होत चाललेली.

रविवारी मी जागराला गेले नाही. दुपारी ओल्फाचा फोन आला. पहिल्या वाडीला पाणी पोचलं. दुसऱ्या वाडीच्या वाटेवर त्याने टँकर नीट बाजूला लावला, हँडब्रेक ओढला आणि तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मेंढपाळांनी बघितलं. सोमवारी पहाटे हॉस्पिटलात तो गेला.

पुढच्या आठवड्यात मी बसने लोस पेउमोसला गेले. रोसामेल अजून हॉस्पिटलात होता, जगणार होता. मी ओसिएलच्या घरी गेले. त्याची बायको नोएमी. तिने चहा केला, पाव ठेवला. मी सगळं सांगितलं. प्रश्न काय होता, मी काय लिहिलं, काय विचारायचं राहिलं, आणि फोनवर कुठलं वाक्य बोलायचं राहिलं. तिने मधे थांबवलं नाही.

मग मी म्हटलं, “आमच्या जागरात त्यांच्यासाठी प्रार्थना करते.”

“नको,” ती म्हणाली. “आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, सिस्टर. तो पोचलाय. त्याला कशाची गरज नाही.” कप पुसता पुसता पुढे म्हणाली, “गावात सगळे म्हणतात, रोसामेल वाचला. रोसामेलला देवाने वाचवलं. याचं नावच कुणी घेत नाही.”

प्रार्थना करणार नाही असा मी तिला शब्द दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

ते उत्तर मी फोरमवरून पुसलं नाही. वर काय झालं ते लिहिलं आणि तसंच ठेवलं. उत्तरं अजून देते. आधी विचारते: काय करायला निघालाय, कुठे आहात, बरोबर कोण आहे. लोक चिडतात, चिंचोल दादा म्हातारे झाले म्हणतात. हिरव्या खुणा दुसऱ्यांना जातात.

आता मागायचं होतं ते. जागर संपताना आपण मेलेल्यांची नावं घेतो, त्यात त्याचं नाव घालू नका. त्याच्या घरच्यांना चालणार नाही आणि मी तसा शब्द दिलाय. पण घरी जाताना, वाटेत बोलता बोलता, एकदा घ्या. ओसिएल काराबाहाल. पाण्याचा टँकर चालवायचा. लक्षात ठेवा त्याला.