वहीत घेतलेलं नाव

पेन्सिलीच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या. बारीक, एकाशेजारी एक… कृष्णात ती खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिला. चौदा वर्षांच्या संसारात राजलक्ष्मीनं पेन्सिल चावलेली त्यानं पाहिली नव्हती. मग ही सवय कुठली, कुणाशेजारी बसून लागलेली? पेन्सिल वहीत होती, वही तिच्या साड्यांच्या घडीखाली, आणि राजलक्ष्मी वाशीला, स्पॅनिशच्या क्लासला. ही वही भरली म्हणून आज नवी घेऊन गेलेली. चौथा शनिवार, त्याच्या ऑफिसला सुट्टी. म्हणजे नेरूळच्या या दोन खोल्यांत एक वाजेपर्यंत तो आणि ही वही, दोघंच.

क्लासचं तिनं लपवलं नव्हतं, हे खरं. तुर्भ्याच्या ज्या कंपनीत ती टायपिंग करायची तिचा माल मेक्सिकोला जायला लागला होता. मॅडम म्हणल्या शिका, फी कंपनी भरंल, असं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, आणि तो ‘बरं’ म्हणाला. तुला स्वतःला शिकायचंय का, एवढं साधं त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि जे निघालं नाही ते आत कुजत राहिलं. बेलापूरच्या ऑफिसात तो चौकशी शाखेला होता. लोकांच्या फायली वाचून वाचून सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच जडलेली. वाशीच्या फुटपाथवर त्यानं एक जुनी स्पॅनिश-इंग्रजी डिक्शनरी घेतली, महिनाभर ऑफिसच्या खणात दडवली आणि काल डब्याच्या पिशवीतून घरी आणली.

पण डिक्शनरी अर्धवटच बोलायची. वाक्यात क्रियापदं दोन-दोन. दुसरं सरळ, मूळ रूपातलं, ते लगेच सापडे — सालिर, निघून जाणे, ओल्विदार, विसरणे, विविर, राहणे. त्याच्या आधीचं मात्र मी-तू-तो असं माणसाप्रमाणे रूप बदललेलं, ते कुठल्याच पानावर नाही. निघून जाणे… पण जायचंय, की जाता येत नाही, की जावं लागतं? ऑफिसात असा अर्धा कागद आला असता तर ‘अपूर्ण, परत’ असा शेरा मारून तो मोकळा झाला असता. इथं मन रिकाम्या जागा आपल्याच हातानं भरत सुटलं — निघून जायचंय, विसरायचंय, दुसरीकडे राहायचंय… कुणाबरोबर? क्लासच्या त्या सरांबरोबर? सरांचं वय काय, हेही मी कधी विचारलं नाही. त्याला मत्सर वाटत होता, आणि चाळिशीला आलेल्या माणसाला तो शोभत नाही याची लाजही.

मग शेवटच्या पानावर कोष्टक दिसलं. तिच्या टपोऱ्या अक्षरात, बदललेली रूपं आणि समोर मराठी. किएरो, मला हवंय. पुएदो, मला जमतं. साबे, त्याला येतं. कृष्णात मांडी घालून बसला आणि एकेक वाक्य लावत गेला. मला सहाला निघावं लागतं. किल्ली विसरून चालणार नाही. नेरूळला राहता येतं. शाळकरी वाक्यं सगळी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, म्हणून तो हसणारही होता. पण एक वाक्य नुसतंच होतं, पुढंमागं काही नाही — किएरो सालिर. मला निघायचंय. कुठून, ते लिहिलं नव्हतं.

आणि पान उलटल्यावर त्याचं नाव. कृष्णात. नुसतं, एकेरी. चौदा वर्षांत तिनं ते कधी असं घेतलं नव्हतं. दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा शेजारणीला पुढं करायची, ह्यांचं नाव तेवढं सांगा की ओ. घेतलं ते लग्नात, उखाण्यात, यमकाच्या आडोशानं. इथं मात्र ओळीनं आठ वेळा, निर्धास्त. कृष्णातला झोपायला आवडतं. कृष्णातला गाता येतं… हे तिनं कधी ऐकलं? आणि शेवटचं, कृष्णात नो साबे प्रेगुंतार. त्यानं डिक्शनरी चाळली. प्रेगुंतार, विचारणे. कृष्णातला विचारता येत नाही.

खाली लाल शाईत सरांची बरोबरची खूण होती, आणि तारीख, २०-७-९६. मागचा शनिवार. त्या दिवशी संध्याकाळी तिनं नेहमीसारखाच चहा दिला होता.

ती आली तेव्हा वही साड्यांखाली होती, घडी होती तशी. तिनं पाय धुतले, पाणी प्यायली, आणि ताटं घेता घेता त्याच्या तोंडाकडं बघून थांबली.

“अहो, काय झालंय? काही विचारायचं हाय का?”

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही.”

ती आमटी तापवायला वळली. तोंडही न पाहिलेल्या माणसांकडून आठवड्याला वीस खुलासे मागवणारा मी… प्रश्न तरी केवढा — कुठून निघायचंय तुला? सकाळपासून तो तिच्यावर संशय घेत होता; आता तो संशय वळून त्याच्यावरच आला होता. आपल्याला खरंच विचारता येत नव्हतं, की विचारलं तर ही बाई खरं सांगून टाकेल, एवढं पक्कं ठाऊक होतं म्हणून आपण विचारायला कधी शिकूनच घेतलं नाही…